गिंबल असूनही चालताना व्हिडिओ का हलतो? व्हेस्ट आणि स्प्रिंगच्या हाताबद्दल

नीरेकाठ (धागाकर्ता)

'गिंबल (कॅमेरा मोटरींनी सरळ धरून ठेवणारी मूठ) घेतलं, तरी चालताना व्हिडिओ वर-खाली होतोय' हा प्रश्न इथे दर लग्नसराईत येतो. उत्तर बहुतेक वेळा 'याहून भारी गिंबल घ्या' असं मिळतं. मला ते पटत नाही. मी लग्नं, जत्रा, पालखी सोहळा असं फिरतीचं काम करतो आणि बरीच वर्षं व्हेस्ट आणि स्प्रिंगचा हात वापरतोय. त्यावर सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

कॅमेऱ्याला चालताना दोन तऱ्हेचे धक्के बसतात. पहिल्या तऱ्हेत तो वळतो, म्हणजे तोंड वर-खाली होतं, डावी-उजवीकडे फिरतं किंवा सगळा कॅमेरा एका कुशीवर कलतो. दुसऱ्या तऱ्हेत तो जराही न वळता जागा बदलतो. आपण चालतो तेव्हा कंबर प्रत्येक पावलाला साधारण ४-५ सेंटीमीटर वर-खाली होते आणि तिच्याबरोबर कॅमेराही. तीन मोटरींचं गिंबल पहिल्या तऱ्हेचे तिन्ही धक्के फार सुंदर पुसतं. दुसऱ्या तऱ्हेसाठी त्यात काहीच नसतं. मोटर कितीही ताकदवान घेतली तरी ती कॅमेरा फिरवू शकते, उचलून धरू शकत नाही.

समोर लांबचा डोंगर असेल तर हा उभा हेलकावा दिसत नाही. चार सेंटीमीटरनी डोंगराची चौकटीतली जागा बदलत नाही ना! पण नवरी चार हातांवर असेल आणि तिच्या मागे मांडवाचे खांब, त्यामागे पाहुणे, तर जवळची वस्तू जास्त हलते, लांबची कमी हलते, आणि पाऊल न् पाऊल मोजता येतं. म्हणून डोंगरात फिरताना छान वाटलेलं गिंबल हॉलमध्ये गेल्यावर खराब झाल्यासारखं वाटतं. गिंबल तेच असतं, समोरच्या वस्तू जवळ आलेल्या असतात.

या दुसऱ्या धक्क्यावर उपाय १९७० च्या दशकातच सापडला. फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन यांनी स्टेडिकॅम बनवला, त्यात एकही मोटर नव्हती. अंगात घालायचं कडक जाकीट, म्हणजे व्हेस्ट. व्हेस्टला जोडलेला दोन सांध्यांचा हात, आत स्प्रिंगा. हाताच्या टोकाला गिंबल, पण इथे गिंबल म्हणजे फक्त बेअरिंगवर सगळीकडे मोकळा फिरणारा सांधा. त्यातून जाणारा एक उभा दांडा, ज्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा आणि खालच्या टोकाला मॉनिटर व बॅटरी. या दांड्याला त्यावरच्या सामानासकट स्लेड म्हणतात. स्प्रिंगचा हात स्लेडचं सगळं वजन तोलून धरतो, त्यामुळे कंबर खाली गेली तरी स्लेड आपल्या उंचीवर तरंगत राहतो. आपला हात फक्त दिशा दाखवतो.

१९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' या चित्रपटात ब्राउन क्रेनवर बसून खाली आले, क्रेन जमिनीला टेकल्यावर उतरले आणि तसेच शेकडो लोकांच्या गर्दीतून चालत गेले. सगळा एकच शॉट. तोवर रूळ न टाकता असं करता येतं यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्या चित्रपटाच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं, आणि १९७८ मध्ये खुद्द या यंत्राला.

आता जे मला सगळ्यात आवर्जून सांगायचंय ते. आपल्याकडे सगळे हलकं सामान शोधतात. स्लेडच्या बाबतीत हे उलटं आहे. स्थिरता येते ती जडत्वातून, आणि फिरण्याविरुद्धचं जडत्व वजनाबरोबर तर वाढतंच, पण मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतं. बॅटरी आणि कॅमेरा गिंबलपासून दुप्पट लांब नेले तर तेच वजन चौपट हट्टी होतं. छोटा मिररलेस कॅमेरा आखूड दांड्यावर लावला तर बोटाच्या स्पर्शानेही तो थरथरतो. त्याच कॅमेऱ्याखाली एक जाड पोलादी पट्टी लावा, खालची वजनं वाढवा, दांडा थोडा लांब करा, शॉट लगेच शांत होतो. वजन वाढलं म्हणून घाबरू नका, कारण ते आपल्या हातावर येत नाही, व्हेस्टमधून कंबरेवर जातं. कंबरेचा पट्टा घट्ट हवा आणि खांद्यांवर जवळजवळ भार नको. खांदे दुखत असतील तर व्हेस्ट नीट बसलेलं नाही असं समजा.

पायांचं काम मात्र कुठलंही यंत्र करत नाही. गुडघे किंचित सैल, टाच आधी, मग तळवा लाटल्यासारखा पुढे, आणि डोकं एका उंचीवर. दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन मैलोन्मैल चालणाऱ्या बायका बघा. वृंदावनाला अनेकदा हातही लावलेला नसतो. मान आणि पाठ सरळ, सगळा धक्का कंबरेखाली जिरवलेला. स्टॅबिलायझर वापरू पाहणाऱ्यानं एक दिवस फक्त त्यांची चाल बघत चालावं, इतकं त्यात शिकण्यासारखं आहे.

प्रश्न विचारा. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर तोही लिहा.

कवठेकर

+१. वळणं आणि जागा बदलणं हा फरक आत्ता डोक्यात बसला. मी तीन मोटरीवालंच वापरतो आणि सप्तपदीचे शॉट नेहमी डुचमळतात. हॉलमध्ये जवळून घेतो म्हणून होतं तर!

फिलीकर

नीरेकाठ, आमच्या गावाचं, फिलाडेल्फियाचं, नाव वाचून लिहायला बसलो. ब्राउन यांनी यंत्राच्या चाचण्यांसाठी जी फिल्म केली होती, त्यात त्यांची मैत्रीण (पुढे पत्नी) इथल्या कला संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते-उतरते आणि कॅमेरा तिच्या मागे-पुढे तरंगत जातो. ती फिल्म दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन यांनी पाहिली आणि 'त्या पायऱ्या कुठल्या?' अशी चौकशी केली. त्यातून त्यांच्या 'रॉकी' चित्रपटातला (१९७६) पायऱ्यांचा प्रसंग घडला. पायऱ्या ७२ आहेत. आजही वर्षभर लोक त्या धावत चढतात आणि मित्र खालून फोनवर शूट करतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी तिथे नेतोच, पण हा कॅमेऱ्याचा इतिहास फार कमी जणांना माहीत असतो.

पायऱ्या हीच या यंत्राची खरी परीक्षा आहे, नाही का? रूळ टाकता येत नाहीत, ट्रॉली चालत नाही.

नीरेकाठ

फिलीकर, धन्यवाद, छान माहिती. हो, पायऱ्या आणि उंबरे. आपल्याकडचा गृहप्रवेशच घ्या. बाहेर अंगण, मग पायरी, मग उंबरठा, माप ओलांडून नवरी आत, आत अंधार. गिंबलवर प्रत्येक पायरीला एक उडी दिसते. स्प्रिंगच्या हातावर ती जवळपास गिळली जाते, कारण आपण एक पायरी चढलो तरी हात तेवढा खाली लवतो आणि मग सावकाश वर येतो.

मांडवशोभा

विषय छान मांडलाय, पण एका बाबतीत असहमत. मी बारा महिने लग्नाच्या ऑर्डरी करते. कार्यालयात व्हेस्ट घालून फिरणं हा इतरांना त्रास असतो. मंगलाष्टका चालू असताना स्टेजवर भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, अंतरपाट धरणारे दोघं, फोटोग्राफर आणि त्याचा फ्लॅशवाला. त्यात स्लेडचा दांडा समोर दीड हात आलेला. अक्षता टाकायला पुढे येणाऱ्या आजीबाईंना तो लागला तर? मी स्टेजवर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) आणि हातातलं गिंबल यापलीकडे काही नेत नाही.

दुसरी गोष्ट, बहुतेक व्हेस्ट पुरुषांच्या छातीच्या मापानं बनवलेली असतात. मधली पट्टी छातीवर दाबते आणि वरचा बकल गळ्याशी येतो. यावर कुणी काही उपाय केलाय का?

नीरेकाठ

मांडवशोभाताई, स्टेजबद्दल शंभर टक्के सहमत. स्टेजवर मीही स्लेड नेत नाही. व्हेस्टचं काम जिथे चालणं आहे तिथे: वरात, नवरीचं आगमन, हळदीचा नाच, सीमांतपूजनाला दारातून आत येणारी मंडळी. उभ्याचे शॉट तिवई आणि मोनोपॉडचेच.

फिटिंगचं कारण तुम्ही बरोबर पकडलंय. मधली पाठकण्यासारखी पट्टी वर-खाली सरकवता येते असं व्हेस्ट घ्या. ती आखूड केली की वरची आडवी पट्टी छातीच्या वर, गळ्याच्या हाडाखाली बसते आणि दाब तिथे घेता येतो. पाठीमागून भार घेणारी व्हेस्टही असतात. त्यात हात पाठीकडून वळसा घेऊन पुढे येतो आणि छाती पूर्ण मोकळी राहते. माझ्याबरोबर काम करणारी ताई तेच वापरते आणि पुढून घालायच्या व्हेस्टकडे परत जायला तयार नाही. एवढंच की पाठीकडून येणाऱ्या हाताला मागे-बाजूला जागा लागते, दारातून वळताना लक्ष ठेवावं लागतं.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅमेऱ्यातलं फारसं कळत नाही, पण माझ्याकडे लग्नाचे व्हिडिओ करणारी तरुण मुलं पाठ आणि मनगट घेऊन येतात म्हणून लिहितो. गिंबल आणि कॅमेरा मिळून साडेतीन किलो म्हणजे फार नाही असं त्यांना वाटतं. पण तो भार छातीपासून दोन फुटांवर धरलेला असतो. कंबरेच्या मणक्यांवर येणारा ताण वजन गुणिले अंतर असा वाढतो. कोपरं अंगाला टेकवून तेच वजन एका फुटावर आणलं की ताण बराच कमी. आठ-आठ तास असं धरल्यावर कंबरेच्या आधी खांदे आणि मनगटं बोलायला लागतात.

कंबरेवर भार घेणारं व्हेस्ट या दृष्टीनं चांगलं, पण एक सावधगिरी. स्लेड पुढे लटकलेला असतो, त्यामुळे तोल सांभाळायला माणूस कंबरेतून मागे वाकतो. ते करू नका. घोट्यांतून अगदी थोडं मागे झुका, पाठ सरळ ठेवा, आणि स्लेड अंगाजवळ ठेवा. कंबर आधीच दुखत असेल तर व्हेस्ट हा इलाज समजू नका, आधी तपासून घ्या. आणि शॉट नसताना स्लेड स्टँडवर टांगा. अंगावर घेऊन गप्पा मारत उभं राहण्यात सगळा थकवा जातो.

नीरेकाठ

सांधेजोड, ही माहिती इथे हवीच होती. स्टँडबद्दल दुजोरा देतो. स्लेड टांगायच्या स्टँडशिवाय व्हेस्ट विकत घेऊच नये. आणि बाहेर असाल तर स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवी.

शून्यएक

हे सगळं वाचून प्रश्न पडतो, की २०२५ नंतर याची गरज आहे का? गोप्रोच्या छोट्या कॅमेऱ्यांमध्ये २०१८ च्या हिरो ७ ब्लॅकपासून हायपरस्मूथ, म्हणजे कॅमेऱ्यातच चित्र स्थिर करणारी सोय आहे. सोनीचे अलीकडचे बरेच कॅमेरे जायरोची (कॅमेऱ्याचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद फाइलमध्येच ठेवतात. ती जायरोफ्लो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकली की हातातला शॉट दगडासारखा स्थिर होतो. कडेची थोडी चौकट कापली जाते एवढंच. मी ट्रेकचे व्हिडिओ असेच करतो.

नीरेकाठ

शून्यएक, जायरोफ्लो मलाही आवडतं आणि भर दुपारी ते उत्तमच चालतं. अडचण संध्याकाळी येते. आपण २५ फ्रेमला शटर १/५० ठेवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम एका सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी असते. तेवढ्यात कॅमेरा हलला तर चित्र फ्रेममध्येच फराटल्यासारखं होतं. सॉफ्टवेअर फ्रेम जागेवर आणतं, पण फराटा तसाच राहतो. चौकट स्थिर आणि मधूनमधून चित्र धूसर, हे डोळ्याला हेलकाव्यापेक्षाही खुपतं. ते टाळायचं तर शटर १/२०० किंवा त्याहून वेगवान ठेवावं लागतं. उन्हात ठेवा की! पण रात्रीच्या वरातीत तेवढा उजेड कुठून आणणार? शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, १/५० आणि १/१०० सोडून भलतंच शटर ठेवलं की साध्या एलईडी माळा लुकलुकायला लागतात.

आणखी एक. जायरोलाही फक्त वळणं कळतं. कॅमेरा सरळ वर-खाली झाला हे तो मोजत नाही. म्हणजे मूळ प्रश्न तिथेही उरतोच. तुमचे ट्रेकचे शॉट चांगले दिसतात कारण समोर दरी असते.

शून्यएक

दरीचा मुद्दा मान्य. हेच शॉट गडावरच्या वाड्याच्या जोत्यांमधून चालताना घेतले होते, तेव्हा जोती हलताना दिसतात. सेटिंगला दोष देत होतो.

फिरकी

घरी करून बघणाऱ्यांसाठी. मी आयटीआयला शिकवतो, पोरांना दरवर्षी एक स्टॅबिलायझर करायला लावतो. अर्धा इंची जीआय पाईप, टी, दोन टोप्या, खाली व्यायामाचं सव्वा किलोचं चाक, वर कॅमेऱ्याचा पाव इंची स्क्रू. सगळं नळाच्या दुकानात मिळतं. यात मोकळा फिरणारा सांधा नसतो, पाईप मुठीतच धरायचा, पण जडत्व म्हणजे काय हे हाताला कळतं. मग पुढच्या पायरीवर सायकलच्या किंवा स्केटिंगच्या बेअरिंगचा सांधा बसवतो.

मला अडलेली गोष्ट अशी: बेअरिंग बसवल्यावर चालायला सुरुवात केली की खालचं वजन पुढे-मागे झुलतं. थांबलं की पुन्हा झुलतं. खाली वजन वाढवलं तर आणखीनच. तुम्ही तर वजन वाढवा म्हणता!

नीरेकाठ

फिरकी सर, उत्तम प्रश्न, आणि नव्यानं स्लेड घेणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. तुम्ही वजन फक्त खाली वाढवलंत. त्यामुळे गुरुत्वमध्य सांध्यापासून फार खाली गेला आणि लंबक तयार झाला. वजन वर आणि खाली दोन्हीकडे वाढवा आणि सांधा गुरुत्वमध्याच्या अगदी किंचित वर ठेवा. खालचं पारडं जड हवं, पण नुसतं नावापुरतं.

मोजायची पद्धत अशी. दांडा आडवा धरा, सोडून द्या, आणि आडव्यातून उभा व्हायला किती वेळ लागतो ते बघा. २ ते ३ सेकंद आले की ठीक. एका सेकंदात धाडकन खाली आला तर खाली जड आहे, चालू लागताच झुलणार. ५-६ सेकंद लागले तर फार हळवा होतो, नवख्याला सांभाळत नाही. हे जमवायला वजनं काढत-घालत बसू नका, गिंबल दांड्यावर मिलिमीटर-मिलिमीटरनं वर-खाली सरकवा.

पण त्याआधी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडचा तोल हवा. दांडा स्वतःहून ओळंब्यात उभा राहिला पाहिजे. शेवटी दांडा हलकेच गोल फिरवून बघा. फिरताना उभाच राहिला तर काम झालं. उभा असताना सरळ, पण फिरताना भोवऱ्यासारखा डगमगतोय असं असेल तर बॅटरी आणि मॉनिटर दांड्यापासून पुढे-मागे सरकवावे लागतात. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या थोडासा मागे ठेवून सुरुवात केली की हे लवकर जमतं. झूम लेन्स बाहेर आली, फिल्टर बदलला, एवढ्यानंही तोल जातो. म्हणून मी स्लेडवर एकच प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावतो, २४ किंवा ३५ मिलिमीटर, आणि दिवसभर काढत नाही.

फिरकी

गिंबल सरकवून पाहिलं. अडीच सेकंदाच्या आसपास आणलं आणि झुलणं जवळजवळ गेलं. पोरांना आता घड्याळ लावून करायला देतो. फार आभार.

कवठेकर

हाताचं काय? म्हणजे बोटं कुठे ठेवायची? आणि फोकस कोण करणार?

नीरेकाठ

स्लेड डावीकडे असेल तर उजवा हात स्प्रिंगच्या हाताच्या टोकाशी, गिंबलच्या मुठीवर. तो उंची आणि जागा सांभाळतो. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं दांड्यावर, गिंबलच्या लगेच खाली. धरायचं नाही, टेकवायचं. तिथे बोटं टेकवली की गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे हाताचा कंप दांड्यात शिरत नाही. मूठ आवळलीत की सगळं यंत्र फुकट, कारण मग तुमचा हातच कॅमेरा हलवतो. वळायचं असेल तर सावकाश सुरू करा आणि शेवटी आणखी सावकाश थांबवा. बहुतेक शॉट थांबतानाच बिघडतात.

फोकसला हात रिकामा नसतो. सिनेमात त्यासाठी वायरलेसवर वेगळा माणूस असतो. आपल्याला चेहरा ओळखणारा सततचा ऑटोफोकस पुरतो. कॅमेऱ्यातलं सेन्सर-स्थिरीकरण वाइड लेन्सवर बंद करून बघा. चालताना ते चौकटीचे कोपरे थलथलल्यासारखे हलवतं, ते नंतर काढता येत नाही.

नवरीच्या आगमनासाठी एक युक्ती. उलटं चालायची गरज नाही. कॅमेरा मागे वळवा आणि तुम्ही सरळ पुढे चाला, नजर खालच्या मॉनिटरवर आणि अधूनमधून वाटेवर. नवरी तुमच्या मागून येतेय आणि कॅमेरा तिच्याकडे बघतोय. पायाखाली काय आहे ते दिसतं, त्यामुळे सतरंजीच्या कडेला अडखळून पडायचा धोका जातो.

पायवाट

हायपरलॅप्ससाठी (पुढे सरकत घेतलेल्या टाइमलॅप्ससाठी) कुणी स्लेड वापरतं का? तिवई उचलून-ठेवून कंटाळा येतो.

नीरेकाठ

वापरतात, आणि जुना दाखलाही आहे. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधला जंगलातला उडत्या गाड्यांचा पाठलाग: त्यासाठी ब्राउन रेडवूडच्या झाडीतून स्टेडिकॅम घेऊन चक्क चालत गेले. कॅमेरा सेकंदाला साधारण पाऊण फ्रेम या गतीनं चालवला होता. तो २४ फ्रेमनी दाखवला की चाल तीसेक पटीनं वाढते. मात्र अशा शॉटमध्ये लांबवर एक बिंदू धरून सतत त्याच्याकडेच रोख ठेवावा लागतो. त्यांनी वाटेवर दोरा बांधून घेतला होता.

टाळकरी

धागाकर्त्यानं पालखी सोहळ्याचा उल्लेख केलाय म्हणून लिहितो. आमची दिंडी माऊलींबरोबर चालते. गेल्या काही वर्षांत कॅमेरेवाले फार वाढलेत. कुणी यावं, दाखवावं, त्याचा आनंदच आहे. पण दिवे घाटात दिंडीच्या ओळींच्या मधून आडवा कॅमेरा घालतात तेव्हा चाल मोडते. दिंडीची रचना असते. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी, मग तुळस घेतलेल्या माउल्या. वीणेकऱ्याला ओलांडून जाऊ नये. अभंगाची चाल धरलेली असते, पावलं तिच्यावर पडत असतात. मध्ये कुणी आलं की नुसती जागा अडत नाही, टाळही चुकतो.

आणि रिंगणात अश्व धावतात तेव्हा आत कुणीही जाऊ नये. चोपदार हात वर करतात ते कॅमेऱ्यालाही लागू असतं.

नीरेकाठ

टाळकरी माऊली, अगदी बरोबर लिहिलंत, आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. माझी पद्धत सांगतो. दिंडीच्या प्रमुखांना आदल्या मुक्कामी भेटून विचारतो. चालताना ओळीच्या बाहेरून, पावलाला पाऊल जुळवून चालतो, कधीच आडवा जात नाही. स्टॅबिलायझरचा इथे खरा उपयोग आहे: त्याच्यामुळे मला पुढे जाऊन रस्ता अडवून उभं राहावं लागत नाही, दिंडीच्याच गतीनं कडेनं जाता येतं. पखवाजाच्या ठेक्यावर पाय पडायला लागले की शॉटही त्याच लयीत येतो, संपादनात आवाज जुळवायला सोपं जातं.

सदाशिवनगर, खुडूस फाटा, ठाकूरबुवा इथल्या गोल रिंगणांत मी अश्व धावताना स्लेड वापरतच नाही. तिथे दुरून, तिवईवरून, लांब लेन्स. रिंगण झाल्यावर परवानगी असेल तर उडीचे खेळ, फुगड्या सुरू होतात तेव्हा व्हेस्ट घालतो. फुगडी घालणाऱ्या दोघींभोवती एक संथ फेरी घेतली, की मागची माणसं, पताका, पालखीचा तळ सगळं त्यांच्याभोवती फिरतं. हे दृश्य हातातल्या कॅमेऱ्यानं मिळत नाही आणि ड्रोननंही नाही, कारण ते डोळ्याच्या उंचीवरच बघायचं असतं.

मांडवशोभा

आषाढातल्या वाऱ्या-पावसाचं काय करता? मी एकदा नदीकाठच्या प्री-वेडिंगला दुसऱ्याचा स्लेड चालताना बघितला, वाऱ्यानं नुसता भिरभिरत होता.

नीरेकाठ

वारा हाच स्लेडचा खरा शत्रू. मोकळा सांधा असल्यामुळे कॅमेरा, मॉनिटर, त्यावर घातलेलं प्लॅस्टिक, सगळ्याचं शीड होतं. फलटणच्या पुढे माळावर असा वारा लागला की मी तीन गोष्टी करतो. पावसाची पिशवी अंगासरशी आवळून टेप लावतो, फडफडणारं टोक ठेवत नाही. जडत्व वाढवायला वर-खाली वजन घालतो. आणि मदतनीस वाऱ्याच्या बाजूनं मोठी छत्री तिरपी धरून बरोबर चालतो, त्यामुळे पाऊसही अडतो. तरीही ऐकलं नाही तर मोटरचं गिंबल काढतो आणि तेच स्प्रिंगच्या हातावर लावतो. मोटर वाऱ्याला धरून ठेवते, स्प्रिंग उभा हेलकावा घेते. दोन्हींचे गुण एकत्र मिळतात. स्लेडइतकी जिवंत हालचाल मिळत नाही, पण वाऱ्यात आणि घाईत हाच पर्याय सगळ्यात खात्रीचा.

कवठेकर

म्हणजे माझ्यासारख्याला, ज्याच्याकडे गिंबल आहेच, त्याला फक्त व्हेस्ट आणि हात घेतला तरी चालेल?

नीरेकाठ

हो, आणि लग्नाच्या कामाला मी तेच सुचवेन. एवढं बघा की हात तुमच्या एकूण वजनाला साजेसा हवा. प्रत्येक हाताला किमान आणि कमाल वजनाची मर्यादा असते. सहा किलोपासून सुरू होणाऱ्या हातावर तीन किलो लावलंत तर तो वरच ताठ उभा राहतो, खाली येत नाही. डोक्यावरून दोर लोंबकळणाऱ्या पाठपिशवीसारख्या प्रकाराचीही चौकशी कराल. स्वीडनची ईझीरिग त्यात सगळ्यात प्रसिद्ध. त्यानं वजन कंबरेवर जातं, मुलाखती आणि लांब कार्यक्रमांना फार चांगलं. पण नुसता दोर पावलांचा धक्का पूर्ण घेत नाही, त्यावर वेगळा स्प्रिंगचा हात जोडावा लागतो.

विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं आणा. पुण्या-मुंबईत मिळतं. घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा आणि गिंबल घेऊन जा आणि दुकानातच अंगावर चढवून बघा. हात पूर्ण खाली दाबून सोडा: करकर वाजला किंवा अडकत वर आला तर दुसरा मागा. स्लेड असेल तर दांडा धरून गिंबल हलवा, बेअरिंगमध्ये जराही खेळ लागला तर तोही नको. व्हेस्टला हात जिथे जोडतात तिथे दोन स्क्रू असतात, त्यांनी हाताचा कल ठरतो. हात सोडल्यावर स्लेड अंगापासून लांब पळत असेल किंवा अंगावर येत असेल तर ते स्क्रू फिरवून तो समोर स्थिर राहीपर्यंत जमवून घ्या आणि दुकानदाराकडून किल्ली मागून बरोबर ठेवा. ती किल्ली नसेल तर कार्यक्रमाच्या जागी काहीच बदलता येत नाही.

कवठेकर

शनिवारी आणतोय. रविवारी घरच्याच साखरपुड्यात चालवून बघेन आणि शॉट इथे टाकतो. माझं सगळं मिळून ३.२ किलो भरतं, त्याला बसणारा हात आहे का ते आजच फोन करून विचारतो.

नीरेकाठ

बॅटरी, मेमरी कार्ड, माइक लावून आणि लेन्सचं झाकण काढून, जसं शूटला लावाल अगदी तसं पुन्हा वजन करा आणि मग फोन करा. किचनचा काटा चालेल.